पुढच्या सीटवरचा मान

सासऱ्यांनी मोटार घ्यायची ठरवली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. देवळाली प्रवऱ्याला त्यांचा ऊस होता, पाटाचं पाणी होतं आणि शेजारच्या वस्तीवर जीप आली होती. कारणं एवढी पुरेशी होती. नवी गाडी नोंदवली असती तर ती नातवाच्या लग्नात हाती आली असती, म्हणून जुनी बघायची होती.

गाड्यांची नावं लिहीत नाही. त्या काळी घरच्या वापराला तीनच प्रकार मिळायचे, जाणत्यांना ते ओळखता येतील. पैकी दोन दारांची गाडी सासऱ्यांनी बघताक्षणी बाद केली. "पुढचा उतरल्याबिगर मागचा उतरत न्हाई," ते म्हणाले, "ही गाडी हाय का कनगी?"

उरल्या दोन. नगरच्या एका कंत्राटदाराची मोठी, फुगीर गाडी आणि एका डॉक्टरची लहान, आटोपशीर. दोन्ही वस्तीवर आल्या आणि बाजारात बैल बघतात तशी तपासणी सुरू झाली. कोणी बॉनेटवर थापा मारल्या, कोणी टायरला लाथा घातल्या, कोणी खाली वाकून पोट बघितलं. सासरे फेटा बांधून दोन्हींत बसले. मोठीत फेटा ताठ राहिला, लहानीत छताला टेकला. मोठीच्या डिक्कीत म्हशीची एका दिवसाची वैरण मावली. लहानी मात्र वस्तीच्या बोळात एका दमात वळली. मोठी वळवताना रहाट ओढावा तसा जोर लावावा लागला.

घरात दोन जावई. थोरला मी, जामखेडच्या हायस्कुलात गणित शिकवणारा. धाकटा माझा साडू, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात होता. तो साहेबांबरोबर लहान गाडीतून फिरलेला. त्याने साधेपणाने सांगितलं, "मामा, लहान घ्या. पेट्रोल कमी खाते, कामंही कमी निघतात."

मी लगेच मोठीची बाजू घेतली. मोठीचं मला काही कळत होतं असं नाही. साडूने मोठीची शिफारस केली असती तर मी लहानीसाठी भांडलो असतो. धाकट्या मेहुणीचं लग्न होईपर्यंत त्या घरात प्रत्येक गोष्ट आधी मला विचारली जायची, विहिरीच्या मोटरपासून मेहुण्याच्या शाळेपर्यंत. पाण्याच्या मुलखात कोरडवाहू जामखेडच्या माणसाला कोण पुसतो? जावई होतो म्हणून पुसत होते. आता धाकटा बोलू लागला की सासरे हुंकार भरत, हे मला खुपत होतं.

अखेर सासऱ्यांनी परीक्षा ठरवली. राहुरीच्या पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, नगरला जाऊन परत यायचं, पुन्हा काठोकाठ भरायच्या. जिला जास्त लागेल ती हरली. ज्याचा शब्द खरा, पुढे त्याचं ऐकायचं, असंही ते सहज बोलून गेले. त्या सहज बोलण्याने आम्ही दोघेही सरसावून बसलो.

नगरला दोन गाड्या जाणार म्हटल्यावर वस्तीवर एकेकाला नगरची कामं आठवली. कोणाला दात दाखवायचा होता, कोणाला लेकीकडे ज्वारी पोचवायची होती. मी मोठीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. ती सीट सलग, तीन माणसांची. पण थोरल्या जावयाच्या मांडीला मांडी लावून कोण बसणार? मागे एकटे सासरे बसले. सासूबाई, आत्याबाई, दोन चुलत्या जावयासमोर एका गाडीत बसायच्या नाहीत, म्हणून त्या लहानीकडे वळल्या. जावई तिथेही होता, पण तो स्वतःच दार उघडून म्हणत होता, "या आत्याबाई, मी सरकतो." ज्वारीची पोती त्याच्या डिक्कीत गेली, गुळाच्या ढेपा पायांत. लहानीचं पोट रस्त्याला टेकायला आलं.

साडू माझ्या खिडकीशी आला. सासऱ्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "साडू, निदान पोती तरी तुमच्याकडं घ्या. वजन सारखं झालं तरच खरं कळंल."

वर्गात मी रोज हेच शिकवत होतो. मी म्हणालो, "पावण्याच्या गाडीत पोती? मामांना कसं दिसेल ते?" आणि काच वर केली.

विळदच्या चढावर लहान गाडी धापा टाकत थांबली. आम्ही पुढे निघून गेलो. मी आरशात बघितलं, साडू खाली उतरून ढकलत होता.

संध्याकाळी पंपावर लहानीत जास्त पेट्रोल गेलं. सासरे म्हणाले, "धाकल्या पाव्हण्यांचं बोलनं ग्वाड हाय. पन बोलन्यावर गाडी चालत न्हाई." सगळे हसले. साडूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोही हसला. त्यानंतर त्या घरात त्याला कोणी काही विचारलं नाही. ना बियाणं, ना खत, ज्यातलं त्याला माझ्यापेक्षा खूप कळत होतं.

मोठी गाडी घरात आली. ती पेट्रोल पीत होती आणि पाणीही पीत होती. पुढे दुष्काळ आला, मग पेट्रोलचे भाव चढले. पण जावयाची निवड वाईट म्हणायची कशी? मी गेलो की सासरे म्हणत, "लई झ्याक गाडी दिलीत." मला नगरच्या स्टँडवरून आणायला तीच यायची, धुऊन-पुसून. एकदा न कळवता गेलो, तर गोठ्याशेजारी उभी होती, मागच्या सीटवर कांदे पसरलेले आणि स्टिअरिंगखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली. मला बघून सासूबाई शरमल्या. कोंबडी शरमली नाही.

परवा साडूच्या नातवाला मोटार घ्यायची होती. पोरं मोबाईलवर दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून डिक्की, अॅव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च ताडून बघत होती. साडू काही बोलायला गेला, तर मेहुणा म्हणाला, "धाकल्या दाजींना अॅव्हरेज विचारू नका." पन्नास वर्षांचा विनोद, तरी सगळे हसले. साडूसुद्धा.

मग मी सगळं सांगितलं. बायका, पोती, वर केलेली काच. मेहुण्याने हात जोडले. "बघा, थोरल्या दाजींचा मोठेपणा. धाकल्याला खाली बघायला लागू नये म्हणून स्वतःवर घेत्यात." सगळ्यांना ते पटलं. म्हणून इथे लिहून ठेवतो आहे: मोठेपणा नव्हता. लहान गाडीच चांगली होती आणि साडू खरं बोलत होता.

नवी गाडी आली तेव्हा मढीच्या देवाला नारळ फोडायला निघालो. नातवाने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी मागचं उघडून साडूशेजारी घुसलो. पलीकडे आमच्या दोघांच्या बायका, सगळे दाटीवाटीने. साडू सरकला आणि म्हणाला, "या. उशीर केलात, पण या."

पुढची सीट मढीपर्यंत मोकळीच राहिली. थोरल्या जावयाच्या जागेवर बसायला कोणी तयार होईना.