येऊन राहिलो

शनिवारी सकाळी अमरावतीहून, राजापेठेतल्या मित्राच्या घरून, मी आत्याला फोन केला आणि ‘मी येऊन राहिलो’ असं सांगितलं. पोहोचलो सोमवारी दुपारी. रविवारी मित्राच्या मुलीचं लग्न होतं. सोमवारीच निघायचं आधीपासून ठरलं होतं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अकोला जिल्ह्यात, वडिलांच्या जन्मगावी राहते. मी पुण्यात वाढलो. ते गाव कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले, आणि आता पहिल्यांदाच तिथं जात होतो. ‘येऊन राहिलो’ हे वडिलांच्या फोनवरच्या बोलण्यातून उचललेलं. त्याचा अर्थ ‘येणार आहे’ असा माझा समज होता. वऱ्हाडीत त्याचा अर्थ ‘निघालो, वाटेत आहे’ असा होतो. बातम्यांमधली क्रियापदं तपासणं हे माझं काम आहे.

दारात आत्याची सून उभी होती.

“या भाऊजी. पुण्याहून अमरावती एका रात्रीत येते, अन् अमरावतीहून आमचं गाव दोन दिसानं? मांडे केले होते. परवाच सपले.”

मी हसलो. मग तिनं आवाज खाली आणून उरलेलं सांगितलं. आत्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली आहे, डाव्यात मोतीबिंदू आहे. शनिवारी अकोल्याच्या दवाखान्याची गाडी शस्त्रक्रियेच्या रुग्णांना न्यायला गावात आली होती. ‘भावाचं पोट्टं येऊन रायलं, मी घरी नको का?’ असं म्हणून आत्यानं ती परत पाठवली. अंधार पडेपर्यंत ती ओट्यावर बसून होती.

एवढ्यात आत्या भिंत धरत बाहेर आली.

“आला का रे बापू? गाडी बिघडली होती का तुही?”

“हो,” मी म्हणालो.

“पाह्य वं, म्हनलंच होतं मी तुले,” ती सुनेला म्हणाली. “गाडीच बिघडली असन. तू त उगीच बोलून रायली होती त्याले.”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

मी दवाखान्यात फोन लावला. गाडी गावात पुन्हा कधी येईल ते ठरलेलं नव्हतं. गुरुवारी तपासणीला घेऊन या, असं सांगण्यात आलं. मी नेतो, असं आत्याला म्हणालो.

“तुही नोकरी हाये ना? जातो मी हिच्यासंग,” सुनेकडे हात करत आत्या म्हणाली.

मी पुन्हा आग्रह केला नाही. बुधवारी पुण्याला परतलो.

गुरुवारी सून तिला एसटीनं अकोल्याला घेऊन गेली. डावा डोळा तपासला. शस्त्रक्रियेची तारीख अजून मिळालेली नाही.