बेस म्हणून ठेवलेला पाट

मी माझ्या सख्ख्या मुलाच्या छातीवर बसले होते आणि तो खालून म्हणत होता, "आई, मी सेफ आहे."

हा प्रकाश. आमच्या बाळकुमच्या सोसायटीतल्या मुलींना बेसबॉल शिकवतो. (स्वतः मोबाइलवर बघून शिकला. पोहायलाही तसाच शिकला होता. शहाडला नदीतून दोघांनी ओढून काढला.) या खेळात चोरी चालते. चेंडू टाकणारीची नजर हलली की पळणारा पुढचा बेस गाठतो. बॅटवालीच्या मागे बसलेल्या मुलीने चेंडू झेलून त्या बेसवर फेकायचा, तिथल्या मुलीने तो चोराला टेकवायचा, की चोर बाद. आमच्याकडे सगळे चोर सुखरूप पोचत होते.

मागे बसणारी माझी नात सई. शेवटी प्रकाशने सगळ्यांसमोर तिला बजावलं, आज मी पळतो. मला बाद केलंस तर रविवारच्या सामन्यात तू, नाहीतर सेक्रेटरीची मुलगी. पोटच्या पोरीला! सेक्रेटरीकडे मैदानाची किल्ली असते, हे मात्र तो बोलला नाही. ते मी तिथल्या तिथे बोलले.

दुसऱ्या बेसवरची मुलगी माजिवड्याला क्लासला गेलेली. मी म्हटलं, मी उभी राहते. बेस म्हणून ठेवलेला पाट तरी माझ्याच घरचा होता. आणि वाळवणापाशी बसून मी जन्मभर कावळे हाकललेत. हा तर एकच कावळा, तोही पोट सुटलेला.

सईला एवढंच सांगितलं, "त्याच्याकडे बघू नकोस. आपण बघत नाही असं वाटलं की कावळा येतो. येऊ दे."

आला. सईने चेंडू सणसणीत माझ्याकडे फेकला. तो हातात झेलायचा असतो. पण आमच्या कोकणात झाडावरून आंबा टाकला की खाली हात नाही धरत, पदर धरतात. मी पदर धरला. चेंडू पदरात आला, प्रकाश घसरत पायांत आला, पाट सटकला आणि मी बसले.

"पदरातला चेंडू चालत नाही," प्रकाश कण्हत म्हणाला. "हातात पाहिजे. नियम आहे."

"आजी, उठू नकोस हं!" सई धावत आली. माझ्या पदरातला चेंडू काढून तिने बापाच्या कपाळाला टेकवला. "बाबा, तुमचा बेस कुठेय?"

पाट लांब गटाराच्या कडेला पडला होता, दोन तुकडे होऊन.

(बेसच जागचा हलला तर पळणाऱ्याला बाद धरत नाहीत म्हणे. सईने नंतर शोधून काढलं. प्रकाशने तेवढं मोबाइलवर बघितलं नसावं. आम्ही दोघी गप्प आहोत.)

रविवारी सई खेळली. प्रकाशने कुबडीवर रेलून शिट्टी वाजवली. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पाट गेला. सई, मी आणि माझ्या वजनाखालून निघालेला प्रकाश, तिघं जिवंत आहोत.