चार फूट सात इंच

नरसूअण्णांच्या टेबलाशी कुणी स्मारकाचा अर्ज घेऊन आलं, की ते अर्ज वाचायचेच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्या नकाशावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "कुठं बसवायचं म्हणता? इथं? मग आज संध्याकाळी बरोबर इथंच एक तास बसून या. आधी बसा, मग बोला." पुढारी असो, वकील असो, सगळ्यांना एकच न्याय. लोक तोंड वाकडं करून जायचे, आणि त्यांतले निम्मेअधिक परत यायचेच नाहीत.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, बंगळूरची गोष्ट. शहराच्या बागा सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत नरसूअण्णा मुख्य ड्राफ्ट्समन होते आणि मी ट्रेसर, म्हणजे त्यांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा निळसर कापडावर शाईनं गिरवणारी. अख्ख्या कचेरीत बाई मी एकटीच. वडील कारखान्यात इंजिनियर म्हणून पुण्याहून इथे आले, आणि नवराही त्याच कारखान्यातला मिळाला, म्हणून मी इथलीच झाले. अण्णा निपाणीकडचे. माझ्याहून तीस वर्षांनी मोठे, तरी मला "अक्का" म्हणायचे. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "अहो, मी केवढी, तुम्ही केवढे!" तर म्हणाले, "असूंदे की. इथं बायकांना अक्का म्हटलं की काम नीट होतंय." झालं. मी कायमची अक्का झाले.

कामाला माणूस भलता कडक. एकदा मी बाकाची लांबी अंदाजानं सांगितली, तर भर उन्हात मला फीत घेऊन परत पाठवलं. "अंदाज घरी भाजीत मीठ घालताना. इथं माप सांगायचं." रेघ जरा हलली की मागून आवाज यायचा, "कशाला गडबड करालीस? स्वल्प थांब, श्वास सोड, मग ओढ." रागवायचे नाहीत कधी. रागावले असते तर परवडलं असतं, इतके शांतपणे ते माझ्याकडून रेघ खरवडून घ्यायचे.

त्या वर्षी मार्केट आणि बसस्टँड यांच्यामधल्या जुन्या मैदानाची नवी बाग करायचं ठरलं. हिरवळ, कारंजं, फरसबंद वाटा, दोन फाटकं. बातमी फुटली मात्र, आणि गावातल्या प्रत्येकाला आपापले मेलेले आठवले. कुणाला आजोबांच्या नावाचं बाक हवं, कुणाला काकांच्या नावाची कमान. एका क्लबाला तर चक्क तोफ हवी होती. अण्णांचं मत ठरलेलं. "बाग जित्यांची हो. मेलेल्यांना घरात फोटो आहे की. तिथं रोज हार घाला, कोण नको म्हणतंय?"

एक निवृत्त मुख्याध्यापक स्वतःच्याच नावाचं बाक मागायला आले होते, तेही जिवंतपणी. त्यांना अण्णांनी बसायला पाठवलं. तिथे एक जुनं मोडकं बाक होतं. मास्तर एक तास बसायचे ते दोन तास गाढ झोपले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "पाटी राहू द्या. बाक तेवढं तसंच ठेवा, फार छान झोप लागते." अण्णांनी ते बाक नकाशात घेतलं आणि माझ्याकडून सुबक गिरवून घेतलं.

चिवट निघाले ते मार्केटमधले एक कापडवाले शेट. त्यांना पुढच्या फाटकात वडिलांचा संगमरवरी पुतळा हवा होता. ते तासभर उन्हात उभे राहून आले, घामाघूम. म्हणाले, "चार जणांनी मला बसचा नंबर विचारला. पण पुतळा पाहिजेच." अण्णांना त्यांचं कौतुक वाटलं असावं, पण नाही ते नाहीच.

मला तेव्हा चौथा महिना होता. हे कळल्यापासून अण्णांचं काहीतरी बिनसलं होतं. मी स्टुलावर चढायचं नाही, नकाशाच्या गुंडाळ्या उचलायच्या नाहीत, जिना उतरताना पुढे शिपाई मल्लप्पा पाहिजे. मी घरी नवऱ्याला हसून सांगायची, "आमच्या ब्रह्मचाऱ्याला बाळंतपणाची माझ्यापेक्षा जास्त भीती!" आम्ही सगळे त्यांना ब्रह्मचारीच समजत होतो. एकटे राहायचे, खानावळीत जेवायचे, बायकोचा विषय कधी निघालाच नव्हता.

नकाशा छापायला जायच्या दोन दिवस आधी मुनियम्मा आली. ही आनेकलकडची भाजीवाली. रोज सकाळी बसमधून उतरून, पालेभाजीची पाटी डोक्यावर घेऊन मैदानातून मार्केटला जायची. रिकामी पाटी काखेत धरून ती थेट अण्णांच्या टेबलाशी उभी राहिली. कन्नड आणि तमिळ मिसळून बोलत होती. अण्णांना सगळं कळत होतं, आणि मलाही एव्हाना पुरेसं कळायला लागलं होतं.

"स्वामी, होरेकल्लुवर चुन्याची फुली कुणी मारली?"

होरेकल्लु म्हणजे ओझ्याचा दगड. पुढचं फाटक जिथे होणार होतं तिथे तो उभा होता: दोन उभे दगड आणि त्यांच्यावर एक आडवा, बाईच्या डोक्याइतक्या उंचीवर. पाटीवाली बाई त्याच्याशी येऊन उभी राहिली, की कुणाची मदत न घेता डोक्यावरची पाटी सरळ त्या आडव्या दगडावर सरकवायची. मान मोडायची, चुंबळ झटकायची, दोन घोट पाणी प्यायची आणि पुन्हा पाटी डोक्यावर ओढून चालायला लागायची. तो दगड फाटकात अडचण होतो म्हणून खुद्द अण्णांनीच नकाशातून काढला होता.

"मीच मारायला सांगितली," अण्णा म्हणाले. "बाजूला नवा कट्टा करतोय की, त्यावर टेकवा पाटी."

"कट्ट्यावरनं परत डोक्यावर कोण चढवणार? तुम्ही?" मुनियम्मा म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तो नुसता दगड नाही, स्वामी. माझ्या अक्काचा आहे."

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. पूर्वी तिथे मळे होते, तिचा बाप मळ्यात कामाला. थोरली बहीण पोटुशी होती, दिवस भरले होते, आणि मूल पोटात असतानाच ती गेली. अशी बाई गेली की त्यांच्यात वाटेवर ओझ्याचा दगड घालतात. "तिला तिचं ओझं उतरवता आलं नाही. वाटेवरच्या बायका तिथं ओझं उतरवतात, तेव्हा तिचंही उतरतं. रोज थोडं थोडं."

मी नकळत पदर पोटावर ओढला. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. आणि आम्ही तीन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं ते बोलले.

"माझीही तशीच गेली. सोळाची होती."

मुनियम्माला त्यात संकोच वाटण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं सरळ विचारलं, "मग तिचा दगड कुठं घातलात?"

"नाही घातला. आमच्यात तशी रीत नाही."

"अय्यो!" तिनं जीभ टाळूला लावून चुकचुक केलं. "म्हणजे तिच्या डोक्यावर अजून तसंच आहे म्हणा की."

बोलून ती बाई निघून गेली. तिला परतीची बस गाठायची होती. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. मला भयंकर लाज वाटली. ब्रह्मचारी, ब्रह्मचारी म्हणून किती हसलो होतो आम्ही! त्या दिवशी मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कचेरीत नव्हते. मल्लप्पा म्हणाला, "साहेब मैदानात दगडापाशी उभे आहेत, तासभर झाला." दुसऱ्यांना एक तास बसवणारा माणूस त्या दगडापाशी स्वतः कधी थांबला नव्हता, हे त्यांना कळलं असावं. आले ते थेट माझ्या टेबलाशी. "अक्का, पुढचं फाटक सहा फूट डावीकडं घे. दगड आहे तिथं राहूंदे." नकाशा पूर्ण झाला होता. फाटक सरकवायचं म्हणजे वाटा सरकणार, झाडांची आळी सरकणार. मी ब्लेडनं कापडावरची शाई खरवडत बसले, आणि पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

पण नकाशाच्या मंजुरीच्या बैठकीत कापडवाले शेट उभे राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. मार्केटमध्ये काय लपतं? "एका भाजीवालीच्या बहिणीचं स्मारक चालतं, आणि माझ्या वडिलांचं चालत नाही? हा कुठला न्याय?" मोठे साहेब अण्णांकडे बघायला लागले. मी कोपऱ्यात नकाशे धरून बसले होते. "तो नुसता दगड आहे, बैलगाड्यांच्या काळापासूनचा आहे," एवढं अण्णा म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. पण खोटं बोलतील तर ते अण्णा कसले?

"शेटजींचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ते स्मारकच आहे. बागेत स्मारक नको म्हणत होतो, ते माझंच चुकलं. आता एवढंच म्हणतो, ज्याला वाचता येत नाही आणि ज्याला मेलेला माणूस माहीत नाही, त्याचासुद्धा भार त्या स्मारकानं हलका व्हावा. तसं असलं तर बसवा. शेटजी, तुम्ही तासभर उन्हात उभे होता. तुम्हाला काय पाहिजे होतं तेव्हा?"

शेट जरा रागातच म्हणाले, "सावली. आणि बूड टेकायला जागा."

"मग तेच करा की वडिलांच्या नावानं."

अशी त्या बागेत बसस्टँडच्या बाजूला दगडी बाकांची पडवी झाली. नावाचा मात्र शेटनी हट्ट सोडला नाही. शेवटी तोड निघाली: नाव कोरायचं, पण बाकाच्या खालच्या अंगाला. "वडिलांना ठाऊक, मला ठाऊक. बास," शेट म्हणाले. बाकाखाली चेंडू गेला की मुलं आडवी होऊन ते नाव वाचायची आणि हा कोण बाबा म्हणून एकमेकांना विचारायची. शेट येताजाता ते ऐकायचे आणि खूश असायचे.

बाग बांधून होत आली तेव्हा अण्णांनी साहेबांची परवानगी काढली. मागच्या फाटकाशी आणखी एक होरेकल्लु, स्वतःच्या खर्चानं. का म्हणून कुणी विचारलं नाही. सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

पाथरवट तिन्ही दगड घेऊन आला त्या दुपारी अण्णांनी मला फीत घेऊन बोलावलं. माझा आठवा महिना लागला होता, ती माझी कामावरची शेवटची आठवण. मोठ्या चांदव्याच्या झाडाखाली पाथरवट छिन्नी परजत उभा होता. त्यानं विचारलं, "उंची किती ठेवू, स्वामी? पुढच्याएवढी?"

मला वाटलं, आता अण्णा खिशातून कागद काढतील, कारण कागदावर माप लिहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात खिळा ठोकू दिला नव्हता. त्यांनी उजवा हात उचलला आणि पालथा तळवा स्वतःच्या छातीपासून हळूहळू वर नेला. खांद्याच्या जरा खाली, सदऱ्याच्या शिवणीशी, तो थांबला. थोडा खाली आला. परत थांबला. मग हलला नाही.

"इथपर्यंत," ते म्हणाले. "इथपर्यंत यायची. अक्का, फीत लाव."

मी जमिनीपासून त्यांच्या तळव्यापर्यंत फीत धरली. चार फूट सात इंच. त्यांनी मान हलवली. "सरी, बरोबर. लिही." तीस-बत्तीस वर्षं झाली होती ती जाऊन, आणि हात जराही थरथरत नव्हता.

"फार बुटका होईल, स्वामी," पाथरवट म्हणाला.

"होऊंदे. बुटक्या बायका पण ओझं नेतातच की."

आणि खरंच, तो दगड उंच बायकांना अडचणीचा. पुढच्या फाटकाशी त्यांची गर्दी, आणि मागच्या फाटकाशी म्हाताऱ्या, वाकलेल्या आणि नव्यानंच पाटी उचलायला लागलेल्या पोरी. मुनियम्मा एकदा मुद्दाम तिथे आपली पाटी उतरवून गेली, गुडघ्यात वाकून. अण्णांनी ते पाहिलं, हे मला मल्लप्पानं सांगितलं. मला मुलगी झाली. बारशाला अण्णा गावाकडच्या करदंटाचा, म्हणजे डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा पुडा घेऊन आले, तिला लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, सुटलीस बघ." एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढे दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले, आणि तिकडेच सुखानं गेले. त्यांच्या नावाची पाटी कुठे लावावी असं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आम्ही बाजाराला जाताना मागच्या फाटकानंच जायचो. लेक लहान होती तेव्हा त्या दगडाखालून पळत जायची. मग तिला मान वाकवावी लागायला लागली. तिच्या अकराव्या वर्षी, शाळेचा गणवेश, दोन वेण्या, पायांत सुटलेल्या बुटाच्या नाड्या, अशी ती दगडाला टेकून उभी राहिली आणि ओरडली, "आई, बघ! आज बरोब्बर!"

मी हात पुढे करून पाहिला. तिचा भांग दगडाच्या कडेशी अगदी एका रेषेत आला होता. सोळाची होती, असं अण्णा म्हणाले होते. एवढीशी होती ती. मी हातातली भाजीची पिशवी त्या दगडावर ठेवली आणि लेकीला जवळ घेतलं. ती म्हणाली, "अगं, पिशवी तर हलकीच आहे." मी म्हटलं, "असूंदे. स्वल्प थांबू."