अकरा गोळ्यांची चिलखती गाडी

गॅरेजात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच, वाळू आणि किस्से. कतारात अल रय्यानमधल्या आमच्या गॅरेजात जुन्या गाड्या नीट करतात. मी तिथला इंजिनिअर, मूळ नाशिकचा. गेलं वर्षभर आमच्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळातली एक चिलखती गाडी होती. तिनं एवढे किस्से दिले, की शुक्रवारी कुणाकडे जेवायला गेलो की मीच बोलत असतो आणि बायको म्हणते, "जेव आता."

*

आधी गाडी समजून घ्या. तेव्हा रणगाडे यायचे होते. मग साहेब लोकांनी काय करावं? श्रीमंतांची फिरायची मोटार घेतली, तिच्यावर पोलादी पत्रे रिव्हेटनं ठोकले, डोक्यावर फिरता बुरूज बसवला, त्यात मशीनगन ठेवली आणि दिली वाळवंटात सोडून. खाली वरातीतली मोटार, वर किल्ला.

आमच्या कतारी मालकांनी ती परदेशात लिलावात घेतली. आत डोकावून पहिला प्रश्न, "एसी कुठेय?"

"सर, तेव्हा नव्हता."

"मग सैनिक काय करायचे?"

"उकडून निघायचे."

मालक जरा विचारात पडले. मग म्हणाले, "असू दे, ओरिजिनलच ठेवा. मी थोडाच बसणार आहे!"

*

रघुनाथ आमचा डेंटर, म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा. अंबाजोगाईकडचा, इथं एकटाच बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहतो. गुडघा धरतो म्हणून उलट्या डब्यावर बसून काम करतो.

त्या गाडीच्या रेडिएटरपुढे पोलादी दारं आहेत. मी रघुनाथला त्यामागची अक्कल समजावत होतो. लढाईत दारं लावायची, नाहीतर गोळी रेडिएटरात. लावली की इंजिन उकळतं. म्हणजे मरायचं कसं, एवढीच निवड.

रघुनाथ म्हणाला, "आमच्या खोलीच्या खिडकीचं तसंच हाय साहेब. उघडली की वाळू, लावली की भट्टी. अन् आमच्यावर तर कुणी गोळ्या बी मारत न्हाई."

त्याच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. रजेचा अर्ज मालकांच्या टेबलावर. मालकांचं म्हणणं, इंग्लंडहून तज्ज्ञ येईल, गाडी अस्सल असल्याचं सर्टिफिकेट देईल, मगच रजा. "तज्ज्ञ कधी येणार?" विचारलं, तर "इन्शाल्ला." आता पत्रिकेवर तारीख म्हणून इन्शाल्ला कसं छापणार?

*

इन्शुरन्सवाल्याचा फोन आला. एअरबॅग किती, शून्य. सीटबेल्ट, शून्य. आधीचा काही अपघात?

"एक महायुद्ध," मी म्हटलं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "क्लेम किया था?"

*

ही गाडी हँडल मारून सुरू होते. मी हँडल धरलं तसा रघुनाथ म्हणाला, "आंगठा बोटांच्या बाजूनं ठिवा साहेब. उलटं हाणतंय ते."

"रघुनाथ, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे."

हँडलनं माझी डिग्री तपासली नाही. ते उलटं फिरलं आणि माझं मनगट घेऊन गेलं. मग रघुनाथ पुढे झाला. तो डावरा. डाव्या हातानं एक झटका दिला, इंजिन सुरू. "आमच्या हिरीवरचं इंजिन आसंच व्हतं," एवढंच बोलला. मी आठवडाभर घरी बसलो.

*

आणि त्या आठवड्यात घात झाला. परत येऊन बघतो तर गाडी नव्या कुकरसारखी गुळगुळीत. तिच्या अंगावर अकरा गोळ्यांच्या खुणा होत्या. तिचा मान त्या अकरा खुणांमुळेच.

"रघुनाथ, खड्डे कुठं गेले?"

"काढले की. वेल्डिंगनं भरून ग्राइंडर मारला. लई बेकार दिसत व्हते."

बावीस वर्षं हा माणूस पोचे काढतोय. हे पोचे जपायचे आहेत, हे त्याला सांगायचं काम माझं होतं. त्यांचे फोटो काढून ठेवायचं कामही माझंच. खुणा नाहीत तर सर्टिफिकेट नाही, हे मी त्याला आता सांगितलं.

त्यानं ग्राइंडर खाली ठेवला. मग म्हणाला, "मंजी लग्न माझ्याबिगर व्हनार का साहेब?"

बापाला मांडवातून उठवलं होतं मी, तेही घरी बसून.

"भरलेत म्याच," तो म्हणाला. "कुठला कुठं व्हता, समदं ठावं हाय." त्यानं गोल तोंडाचा पंच घेतला आणि हातोडा. वेल्डिंगचा भराव मऊ असतो. दोन दिवस डब्यावर बसून त्यानं एकट्यानं अकरा गोळ्या झाडल्या, वर गंज चढवला. मी फक्त दार लावून उभा राहिलो.

*

तज्ज्ञ आले. खिशात भिंग. इंजिनापाशी पाच मिनिटं, खुणांपाशी तासभर. मालक, मी आणि हातोडा घेतलेला रघुनाथ, तिघं मागे उभे.

"अप्रतिम," तज्ज्ञ इंग्रजीत म्हणाले. "सगळ्या गोळ्या खालून वर आल्यात. मारणारा बसलेला होता."

मालकांनी मान डोलावली.

"आणि हा तिरपेपणा बघा. पैजेवर सांगतो, लेफ्ट-हँडेड होता."

"शूर माणूस," मालक म्हणाले.

"निःसंशय," म्हणत तज्ज्ञांनी सर्टिफिकेटवर सही केली.

रघुनाथला इंग्रजी येत नाही, पण लेफ्ट-हँड कळतं. मालक खूश होते. "खलास!" म्हणत त्यांनी रजेचा अर्ज तिथंच मागवला, मंजूर केला आणि पेन रघुनाथपुढे धरलं. "इधर साइन करो."

तज्ज्ञ शेजारीच उभे होते. रघुनाथनं पेन उजव्या हातात घेतलं आणि पहिलीतल्या पोरासारखं, एकेक अक्षर काढत, आपलं नाव लिहिलं.