अर्ध्या गाण्याची धनीण

एक शब्द तिने बदलला आणि अर्धे गाणे नेले. आमच्या वसाहतीत या व्यवहाराला चोरी कोणीच म्हटले नाही, सहकार्य म्हटले. इतकी वर्षे लोटली, तरी कुठे 'गीत' या शब्दापुढे गायिकेचे नाव कवीच्या नावाला खेटून छापलेले दिसले, की माझ्या जिभेवर कच्चे कारले चावल्यासारखी चव येते. त्यांतल्या काहीजणी खरोखरच लिहीत असतील. त्यांच्याशी माझे भांडण नाही. मी बोलते आहे ते एकाच बाईविषयी, आणि तिचा आवाज मला आजही आवडतो. राग त्यामुळे कमी होत नाही, उलट धुमसत राहतो.

लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले ती थेट विजेच्या यंत्रांच्या कारखान्याच्या वसाहतीत. मराठी घेऊन एम.ए. झालेली, वृत्ते आणि छंद कानात मुरलेली. यजमान कॉइल विभागात सुपरवायझर होते. संध्याकाळी ते दारात आले की त्यांच्याआधी त्यांच्या सदऱ्याचा वार्निशचा वास घरात येई, गोडसर आणि डोक्यात चढणारा. रस्त्यांच्या दुतर्फा निलगिरीची झाडे होती. भोंगा झाला की सगळी वसाहत एकदम कूस बदलल्यासारखी हलायची. कोण कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहतो, यावर कोणी कोणाला काय म्हणायचे हे ठरे. बंगल्यांच्या रांगेतल्या बायका सगळ्यांच्या 'वहिनी' होत्या. आमच्या रांगेतल्या बायकांना त्या नावाने किंवा नुसते 'अगं' म्हणत.

ती बंगल्यातली होती. तिचे यजमान माझ्या यजमानांचे साहेब. पुण्यात गुरूंकडे शिकलेला गळा. तो उगाच मिरवलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मध्य सप्तकातला तिचा षड्ज लागला की खोलीतली हवा स्थिर होई. दुधावर साय धरताना पृष्ठभाग जसा निश्चल होतो, तशी.

आमच्या मराठी मंडळाचा एक रिवाज होता. गणपतीत दरवर्षी एक तरी नवे गाणे व्हायचे, आणि ते वसाहतीतच जन्मलेले असायचे. चाल लेखा विभागातले एक गृहस्थ पेटीवर बांधत. शब्द माझ्याकडे आले, कारण माझ्याआधी ते काम करणारे मास्तर बदलून गेले होते. ऐकायला तुलसी नगर, शिवाजी नगरहूनही माणसे येत. राजधानी हलली तेव्हा राज्याच्या कचेऱ्यांबरोबर नागपूर सोडून आलेली ती कुटुंबे, मुलांशी हिंदीत बोलून दमलेली, मराठी गाण्याला पुढच्या खुर्च्या धरून बसत.

पहिल्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेवर छापले गेले, गीत माझे, 'मार्गदर्शन' वहिनींचे, म्हणजे तिचे. मला ते सौजन्य वाटले. दुसऱ्या वर्षी मार्गदर्शन हा शब्द गळाला आणि गीत दोघींचे झाले. तिसऱ्या वर्षी दोघींतली पहिली ती होती.

"अहो, मी लिहिते, त्या गातात," मी घरी म्हटले. "मग गीत दोघींचं कसं?"

यजमान बूट काढत होते. "माझ्या जिगचं काय झालं होतं, आठवतंय ना?"

आठवत होते. तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळताना ती सरकू नये म्हणून त्यांनी एक साधा साचा तयार केला होता, तीच ती जिग. कारखान्यात सूचना देण्याची योजना होती. कामगाराची सूचना साहेबांच्या टेबलावरून पुढे जाई, आणि जाताना तिच्यावर साहेबांचेही नाव चढे. समारंभात दोघांनी मिळून शाल घेतली. शाल अर्थात साहेबांच्या खांद्यावर.

"इथं असंच चालतं," ते म्हणाले. "साचा वापरात आला, हे महत्त्वाचं."

"तुम्हांला राग नाही आला?"

"आला की. मग जेवलो आणि झोपलो."

त्यांचे ते जेवून झोपणे मला साहेबांच्या शालीपेक्षा अधिक झोंबले. लोखंडाचा साचा दोन नावांखाली निमूट बसतो. कवितेला नाही बसता येत.

त्या हिवाळ्यात माझी आई गेली. आमच्या गावाकडे हळद पिकायची. शिजवून, वाळवून, घासून ती घरात येईपर्यंत आईचे तळवे पिवळे होत, आणि तो रंग चैत्र उलटला तरी जात नसे. भाकरीलाही त्या हातांचा मातकट, उष्ण वास असे. तेराव्यानंतर भोपाळला परतले, कणीक मळायला घेतली आणि ओळ आपसूक आली. सोळा मात्रांची, साधी, आईसारखीच काटकसरी:

दूर राहिले गाव तरीही
हात अजुनही पिवळे, आई
कितिदा धुतले, कितिदा पुसले
रंग तुझा हा सुटतच नाही

पुढचे दोन अंतरे आठवडाभरात झाले. एक तिसराही झाला होता, तिच्या शेवटच्या दिवसांचा. तो मी कोणाला दाखवला नाही.

सराव बंगल्यावर, दुपारच्या जेवणानंतर असे. ती शेवटच्या ओळीपाशी थांबली. "अगं, हे 'सुटतच' गळ्यात अडकतंय. सगळी अक्षरं ऱ्हस्व. सूर कुठं ठेवू? 'जातच' कर ना. 'जा'वर मला उभं राहता येतं."

तिने गाऊन दाखवले. ती बरोबर होती. 'सुटतच'मध्ये गाठ होती, आई आणि मी यांच्यामधली, ओढूनही न सुटणारी. 'जातच'मध्ये ती गाठ राहिली नाही. पण 'जा'वर तिने जो सूर धरला त्यात पेटीवाल्या गृहस्थांचे डोळे भरले. मी पेन्सिलीने शब्द बदलला. आणि 'आई' या हाकेनंतर ती क्षणभर गप्प राहायची. पुढची ओळ उचलायलाच नको, असे वाटावे इतकी गप्प. ती शांतता मी लिहिलेली नव्हती. ती तिची होती, पूर्णपणे तिची.

गायक गाण्याला काय देतो, असे मला कोणी विचारले तर मी हे सांगेन. तो श्वास देतो, थांबणे देतो, शब्दातला टणक खडा दाखवतो. हे देणे लहान नाही. पण त्या देण्याला स्वतःचे नाव आहे, 'स्वर', आणि पत्रिकेवर त्या नावापुढे ती एकटीच होती. तिथे मी कधी शिरले नाही. 'आई'वर जरा अधिक थांबा, असे तिला मीच एकदा म्हटले होते. म्हणून काय स्वर दोघींचा झाला?

गणपतीत ते गाणे झाले. गाण्याआधी वहिनी माईकवर बोलल्या. मोरपंखी रेशमी साडी, गजऱ्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत. म्हणाल्या, "हे गाणं आम्हां दोघींना एकदमच सुचलं. माझ्या आईचे हळदीनं पिवळे झालेले हात आठवले, आणि शब्द येतच गेले."

मी तिसऱ्या रांगेत होते. आधी वाटले, आपण काही चुकीचे ऐकले. मग कानशिले तापली. तिची आई पुण्यात सुखरूप होती. मागच्याच मे महिन्यात येऊन गेली होती, आणि बंगल्याच्या ओट्यावर पुडीतली हळद चमच्याने घालताना मी तिला पाहिले होते. पत्रिकेवरचे नाव मी गिळले असते, तीन वर्षे गिळतच होते. पण इथे माझी मेलेली आई घेतली गेली होती. टाळ्या पडल्या. तुलसी नगरच्या एक आजी उठून वहिनींजवळ गेल्या आणि त्यांचे गोरे, निर्मळ तळवे हातात घेऊन रडल्या.

त्या संध्याकाळी मी ठरवले. बाकी काही नको. हे एक गाणे माझ्या एकटीच्या नावाने राहिले पाहिजे.

संधी लवकरच आली. मंडळाने निवडक गाण्यांची कॅसेट करायचे ठरवले. रेकॉर्डिंग शहरातल्या अशोका गार्डन या वस्तीत, एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. भिंतींना गोण्या आणि जुन्या गाद्या लावलेल्या, त्यांचा कुबट वास. रेल्वेचा रूळ जवळ, त्यामुळे गाडी आली की सगळे थांबत. रेकॉर्डिंग करणारे भाईसाहेब पान चघळत कानाला हेडफोन लावून बसत.

हळदीचे गाणे संपले तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले. "गाना उम्दा है मैडम, लेकिन छोटा पड़ रहा है। एक अंतरा और होगा क्या?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. पेटीवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या माझ्या यजमानांनी मात्र खाली पाहिले. ते मला ओळखत होते.

"तिसरा अंतरा तयार आहे," मी म्हटले. "पण आधी वेष्टनावर काय छापणार ते सांगा. हे गाणं माझ्या आईचं आहे. इथं फक्त माझं नाव असेल."

"अगं, आता हे काय मध्येच?" त्या हसल्या. "आपण मिळूनच केलंय ना सगळं?"

"केलंय ना? मग हा अंतरा तुम्ही करा. आधीचे दोन माझ्याकडून झाले, आता तुमची पाळी."

"दीदी, झगड़ा बाद में कर लेना," भाईसाहेब म्हणाले. "अभी अठारह पचास की पैसेंजर आएगी, फिर और रुकना पड़ेगा।"

वहिनींनी माझा कागद ओढून घेतला. ओठ हलू लागले. "दूर राहिले... दूर राहिली... आई माझी..." बोटे मांडीवर मात्रा मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. कपाळावर घाम आला. मला दया यायला हवी होती. नाही आली. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच लिहिताना पाहत होते.

गाडी आली, गोण्यांमधून तिची थरथर पायांत चढली, गेली.

"देऊन टाक ना," यजमान हळूच म्हणाले. "साहेबांना उद्या तोंड दाखवायचंय मला."

"तुम्ही दाखवा. मी कुठं अडवतेय?"

वहिनींनी कागद खाली ठेवला. चेहरा लाल झाला होता. "राहू दे तुझा अंतरा," त्या म्हणाल्या, आणि भाईसाहेबांना खूण केली. पेटी सुरू झाली. जिथे अंतरा असता तिथे त्यांनी आलाप घेतला. शब्द नाही, नुसता आकार. तो वर जाऊन जेव्हा परत खाली उतरला तेव्हा भाईसाहेबांचे पान चघळणे थांबले होते. तो आलाप अप्रतिम होता. त्यात कोणाचा वाटा नव्हता आणि त्यांना तो कोणी मागितलाही नाही.

कॅसेट आली. वेष्टनावर, गीत: पहिल्या त्या, मग मी. मंडळाच्या चिटणिसांना विचारले, तर ते म्हणाले, "साहेबांकडून मजकूर तसाच आला. ताई, तुमचं नाव आहे ना? मग?"

नागपूरहून मावशी आली होती. आईची धाकटी बहीण. कॅसेट ऐकताना पदराने डोळे पुसत होती. संपल्यावर वेष्टन हातात घेऊन तिने अक्षरे लावत दोन्ही नावे वाचली. मग मला विचारले, "ही दुसरी बाई कोन वं? आपल्या अक्काले कवा भेटली थे?"

मावशीने वेष्टन बाजूला ठेवले, आणि पुन्हा काही ती कॅसेट लाव म्हणाली नाही. हरणे म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळले. माझ्या आईच्या माणसांत माझे गाणे परके झाले होते.

पुढच्या वर्षी मंडळाचे बोलावणे आले. मी नाही म्हटले. मग पेटीवाले गृहस्थ स्वतः आले, चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले आणि उठताना म्हणाले, "चाल तयार आहे. शब्दांवाचून पडलीय." त्यांचे वाईट वाटले. तरी नाहीच म्हटले. लिहीत मात्र होते. गणपतीपर्यंत दोन गाणी पुरी झाली होती, आणि ती माझ्या घरात होती.

कार्यक्रमाला गेले. वहिनी गायल्या, पण सगळी जुनी गाणी, दुसऱ्यांची. आवाज तसाच, हवा तशीच स्थिर होणारी. मध्यंतराच्या आधी तुलसी नगरच्या त्याच आजी उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या माणसाला असतो तसा त्यांचा आवाज मोठा होता. "वहिनी, यंदा तुमचं दोघींचं नवं गाणं नाही का हो? आम्ही त्यासाठीच येतो."

वहिनींनी माईक जवळ घेतला. क्षणभर त्यांची नजर मला शोधत फिरली, सापडल्यावर लगेच दुसरीकडे गेली. मग गोड हसून त्या म्हणाल्या, "आजी, यंदा काय झालं, आम्हां दोघींनाही लिहायला वेळच झाला नाही."

यजमानांनी माझे मनगट धरले. त्यांना कळले होते. मी ते सोडवून घेतले आणि उभी राहिले. माझ्याजवळ माईक नव्हता आणि माझा आवाज गाण्याचा नाही, चिरका आहे. पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

"मला झाला होता," मी म्हटले.