बिनदांडीची सायकल

आज नातीच्या सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशनचा वास आला आणि मी मनाने तळेगावच्या त्या सायकलच्या दुकानात जाऊन पोहोचले. मी चौथी पास झाले होते. पुढची शाळा लांब, म्हणून बाबा जुनं सामान जोडून मला सायकल करून देणार होते. भिंतीला दोन फ्रेम टेकलेल्या होत्या, एक दांडीची, एक बिनदांडीची.

"बोल माय, कोणती घेऊ?" बाबांनी विचारलं.

"पोरीच्या तोंडाले कुलूप हाय का, भाऊ?" मिस्त्री हसला.

परकर नेसून दांडीवरून पाय टाकता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. चार माणसांत शब्द फुटला नाही. बाबांनी मजबूत म्हणून दांडीची घेतली. ती सायकल भावानेच चालवली. माझी शाळा तिथेच संपली.

अजूनही हा वास आला की मी मनातल्या मनात ओरडते, "बाबा, मले ती दुसरी पायजे!"