रोडगा न घेणाऱ्याचं तूप

बडनेरा स्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. माझ्या बॅगेत चार दिवसांचे कपडे होते आणि त्यांच्याहून जड अशी बारा उकडलेली अंडी, अर्धा किलो पनीर, भाजलेले शेंगदाणे आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला माझे साडू राहतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून कळंबच्या चिंतामणीला रोडग्यांचा नवस फेडायचा होता, त्याचं आमंत्रण होतं.

एवढं खाणं सोबत का, ते आधी सांगतो. मी बावन्न वर्षांचा, नाशिकला राहतो. दीड वर्षापूर्वी रक्तातली साखर वाढली म्हणून पोळी, भात आणि गोड सोडलं आणि व्यायामशाळेत वजनं उचलायला लागलो. साखर ताब्यात आली, गोळी अर्धी झाली. पण गेल्या पाच महिन्यांत माझं वजन एकाहत्तर किलोवरून त्रेसष्टवर आलं. जमिनीवरून ऐंशी किलोचा बार उचलत होतो, तो आता सत्तरलाही हलेना. निघण्याआधी डॉक्टर म्हणाले, "चरबी नाही, स्नायू उतरतायत. तुमचं खाणं कमी पडतंय. महिन्याभरात आणखी उतरलं तर वजनं उचलणं बंद आणि पोळी-भात पुन्हा सुरू."

पोळी-भात सुरू म्हणजे पूर्ण गोळीही सुरू. मला यातलं काहीच नको होतं. आणि खाणं कमी पडतंय हे पटतही नव्हतं. दोन्ही वेळा ताटभर भाजी, काकडी, अंडी, पनीर खाऊन पोट गच्च भरायचं. वहीत दोन रकाने होते, पिष्टाचे ग्रॅम आणि प्रथिनांचे ग्रॅम. दोन्ही आकडे रोज बरोबर यायचे.

नेरमार्गे बस दारव्ह्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या, आणि कपाशीच्या मधल्या तासांत, म्हणजे ओळींत, तूर शेंगांनी वाकली होती. साडू स्टँडवर उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला, पण बोलले ते वेगळंच.

"काहून बा, जेवाले देत नाही का माझी साळी?"

त्या दिवशी बाजार होता. धान्याच्या दुकानासमोर इलेक्ट्रॉनिक काटा दिसला आणि मला राहवलं नाही. बूट काढून वर चढलो. बासष्ट किलो चारशे. घरून निघताना त्रेसष्ट होतं.

"तुरीच्या चुंगडीपरीस हलके झाले तुम्ही," साडू म्हणाले (चुंगडी म्हणजे पोतं). दुकानदार हसला. मी हसलो नाही. काट्याकाट्यांत फरक असतो हे मला माहीत होतं, तरी आकडा डोक्यात राहिला.

घरी ताईंनी झुणका, भाकरी, जवसाची चटणी असा बेत केला होता. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. मी काटा काढून पनीर तोलायला लागलो तशा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, माझ्या घरी सोनाराचं दुकान लावलं का?"

चटणीवर त्या तेलाची धार सोडणार होत्या. मी नको म्हटलं. कच्चं तेल भाकरीबरोबर लागतं, आणि भाकरी मी घेणार नव्हतो. कोरडी चटणी, झुणका, पनीर आणि दोन अंडी खाल्ली. वहीत दोन्ही आकडे लिहिले, बरोबर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळवरून कळंबला गेलो. दर्शन सावकाश झालं. साडू मंदिराच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरले आणि ताईंनी डोळ्यांना पदर लावला. स्वयंपाक गावाबाहेर, ओळखीच्यांच्या शेतात होता. रोडगे म्हणजे कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. पुरुषमंडळी धुरात डोळे पुसत ते उलटंपालटं करत होती. शेजारी मोठ्या पातेल्यात वांग्यांची भाजी रटरटत होती, दुसऱ्यात घट्ट वरण.

पंगत बसली. वाढायला साडूंचे चुलतभाऊ नामदेवकाका होते. सत्तरीचे, सडपातळ, हातात तुपाचा तांब्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. माणसाने रोडगा फोडायचा, मधे खळगा करायचा, आणि काकांनी तो तुपाने भरायचा. तूप मुरलं की पुन्हा भरायचा. एकेकाच्या पानावर ते तीनतीनदा वाकत होते. माझ्यापाशी आले आणि थांबले. माझ्या पानात भाजी होती, थोडं वरण होतं, रोडगा नव्हता.

"रोडगा?"

"नको काका, मी गव्हाचं खात नाही."

"मंग तूप कुठं वाढू? तुमच्या टकलावर?"

अख्खी पंगत हसली. काका पुढच्या पानाकडे गेले. ते मला कमी देत होते असं नाही. रोडगाच नाही तर तुपाला जागाच नव्हती.

मी भाजीत बोटं घालून तसाच बसलो. घरीही हेच होत होतं. तूप भातावर पडायचं, पोळीला लागायचं. तेलाची धार चटणीवर पडायची ती भाकरीसाठी. लोणी थालीपिठावर. मी पोळी, भात, भाकरी ताटातून काढली आणि त्यांच्यावर बसून येणारं सगळं स्निग्ध त्यांच्याबरोबरच निघून गेलं. नेमका तोच रकाना माझ्या वहीत नव्हता. पिष्ट सोडणाऱ्याच्या पोटात स्निग्ध आपोआप जातं असं मी धरून चाललो होतो.

डावा हात मोकळा होता. खिशातून वही काढली. पिष्ट साठ ग्रॅम, ग्रॅमला चार उष्मांक, म्हणजे दोनशे चाळीस. प्रथिनं नव्वद, तीनशे साठ. स्निग्ध आठवून आठवून मांडलं, कसंबसं पासष्ट ग्रॅम, नऊने गुणून पाचशे पंच्याऐंशी. बेरीज अकराशे पंच्याऐंशी उष्मांक. डॉक्टरांनी मला निदान दोन हजार सांगितले होते. रोज आठशेच्या वर तूट, आणि वर बार उचलायला जात होतो. काकडीने पोट भरत होतं, एवढंच.

खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. शरीर म्हातारं झालं नव्हतं, पथ्यही चुकलं नव्हतं. बेरीज राहिली होती.

"काका!" मी हाक मारली. "मला तूप वाटीत द्या."

"वाटीत? तूप हाय का चहा?"

"द्या न त्याहिले," साडू म्हणाले. "मोजून मोजून खुळे झाले ते."

काकांनी वाटी काठोकाठ भरली. मी अर्धी वांग्यात ओतली, उरलेली वरणात. दीड वर्षात जेवण इतकं चवीचं लागलं नव्हतं. काका लांबून बघत होते. मग येऊन त्यांनी पुन्हा वाटी भरली, आणि इथे माझी अक्कल कमी पडली. तीही संपवली.

त्याचं फळ दुसऱ्या दिवशी मिळालं. महागावला साडूंच्या मुलीकडे जायचं म्हणून आम्ही काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलो होतो. आर्णीच्या अलीकडे पोटात कळ आली. जीप दोनदा थांबवावी लागली.

"काय खाल्लं साहेबांनी?" ड्रायव्हरने विचारलं.

"तूप पेले," साडूंनी तत्परतेने सांगितलं. उरलेल्या रस्त्यात जीपमधल्या प्रत्येकाने मला एकेक उपाय सांगितला. एका बाईंनी ओवा दिला. "दमानं घेजा भाऊ," त्या म्हणाल्या, "पोटाले सवय लागू द्या."

तेच खरं होतं. महागावला दुपारी फक्त ताक घेतलं. संध्याकाळी गावरान कोंबडीचा रस्सा होता. एरवी मी वरची तर्री (तेलाचा लाल थर) चमच्याने बाजूला काढतो. या वेळी राहू दिली, पण एकच वाटी. काटा बॅगेतच होता. तिसऱ्या रकान्याची आखणी मी तिथे ओसरीवर बसून केली. आठशेची तूट एका ताटात भरायची नाही, चार वेळांत वाटायची. सकाळी अंड्यांवर तूप, दुपारी चटणीवर तेल, मधे मूठभर शेंगदाणे, रात्री तर्रीसकट रस्सा.

नाशिकला परतल्यावर तीन आठवडे तसंच खाल्लं. पहिल्या आठवड्यात वजन हललं नाही, पण जिना चढताना येणारी चक्कर थांबली. दुसऱ्या आठवड्यात सत्तरचा बार उठला. डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी वजन त्रेसष्ट किलो नऊशे होतं आणि साखर होती तिथेच. त्यांनी कागद दोनदा पाहिले.

"काय बदललंत?"

मी कळंबची पंगत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "चालू ठेवा. वजनंही."

बाहेर येऊन मी थोडा वेळ दवाखान्याच्या बाकावर बसलो. सहाशे किलोमीटर दूर जाऊन मला जे कळलं, ते नाशिकच्या माझ्या ताटात रोज दिसत होतं. पण त्या ताटात काय आहे तेवढंच मी मोजत होतो. काय निघून गेलं, ते विचारायला तांब्या घेतलेला माणूस समोर थांबावा लागला. संध्याकाळी व्यायामशाळेत गेलो, बारवर पंचाहत्तर किलो लावले आणि खाली वाकलो. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यांवरून वर आला, आणि मी सरळ उभा राहिलो.